जुनं ब्राउनिंग १९१० अडकतं, तेव्हा आधी काय तपासावं

प्रश्न असा आहे: गिरगावातल्या एका परवानाधारकाकडे वडिलांकडून आलेलं .३२ बोअरचं ब्राउनिंग मॉडेल १९१० आहे, बेल्जियमच्या एफएन कंपनीचं. परवाना रीतसर त्यांच्या नावावर झालेला आहे. पहिली गोळी सुटते, पण दुसऱ्या-तिसऱ्या गोळीला पिस्तूल अडकतं. कधी काडतूस तिरपं होऊन चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या, तोंडाशी रुततं, कधी ट्रिगर ओढला की नुसती 'टक्' होते. पावसाळ्यात स्लाइडवर, म्हणजे वरच्या सरकत्या भागावर, गंजाचे ठिपकेही आलेत. ओळखीचा एक फिटर म्हणतो, "आतला रॅम्प घासून गुळगुळीत करतो आणि कडक स्प्रिंग टाकतो, झालं काम." करून घ्यावं का?

करून घेऊ नका. घासलेलं पोलाद परत येत नाही आणि या पिस्तुलाचे सुटे भाग इथे दुकानात मिळत नाहीत. शिवाय तुम्ही सांगताय त्या लक्षणांत रॅम्पचा, म्हणजे काडतूस चेंबरमध्ये चढतं त्या उताराचा, दोष सगळ्यात शेवटी संशय घ्यावा असा आहे. इतकी वर्षं याच रॅम्पवरून काडतुसं चढत आली आहेत. आता चढत नसतील, तर बदललंय दुसरंच काहीतरी. बहुतेक वेळा ते मॅगझिन, म्हणजे काडतुसं भरायची पेटी, असतं.

आधी हे यंत्र चालतं कसं ते पाहू, म्हणजे पुढचा क्रम पटेल. .३२ ऑटो, म्हणजेच ७.६५ मिमी ब्राउनिंग, हे १८९९ सालचं काडतूस आहे. त्याची गोळी साधारण साडेचार-पावणेपाच ग्रॅमची. ते वापरणाऱ्या या लहान पिस्तुलांमध्ये नळी आणि स्लाइड यांना एकमेकांत अडकवणारं कुलूप नसतं. गोळी पुढे जाते, वायूचा दाब रिकाम्या पुंगळीला मागे ढकलतो, पुंगळी स्लाइडला ढकलते. स्लाइडला रोखायला तिचं स्वतःचं वजन आणि नळीभोवतीची स्प्रिंग एवढंच असतं. या रचनेला ब्लोबॅक म्हणतात. त्या एका धक्क्यात पुंगळी बाहेर फेकायची, फायरिंग पिन मागे ताणून ठेवायची, स्प्रिंग दाबायची आणि परतताना मॅगझिनमधलं पुढचं काडतूस उचलून चेंबरमध्ये सारायचं, अशी सगळी कामं उरकायची असतात. ताकद मोजकीच असते, शिल्लक जवळजवळ नसते. काडतुसाचा जोर, स्लाइडची स्प्रिंग, मॅगझिनची स्प्रिंग आणि घर्षण यांतलं एक जरी थोडं सरकलं, तरी पिस्तूल 'लहरी' वाटायला लागतं.

हात लावण्यापूर्वी १९१० मॉडेलची एक खोड ध्यानात घ्या. यात मॅगझिन काढलेलं असेल तर ट्रिगर चालत नाही. त्यामुळे 'मॅगझिन काढलं, आता काही भीती नाही' असं वाटतं. चेंबरमधलं काडतूस मात्र तिथेच असतं आणि मॅगझिन परत घातलं की पिस्तूल पुन्हा जिवंत होतं. म्हणून क्रम कायम हाच: नळी सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरबाहेर, मॅगझिन बाहेर, स्लाइड पूर्ण मागे, चेंबर उजेडात डोळ्यांनी पाहायचं आणि वर करंगळीचं टोक घालून चाचपायचं. नुसती स्लाइड ओढून समाधान मानू नका. त्याचं कारण एक्स्ट्रॅक्टरमध्ये आहे. पुंगळीची कड पकडून ओढणारी ही छोटी नखी झिजलेली असली, तरी गोळीबार करताना ते कळत नाही, कारण ब्लोबॅक पिस्तुलात पुंगळी वायूच्या दाबानेच बाहेर येते. पण न उडालेलं काडतूस बाहेर काढायची वेळ येते तेव्हा नखी त्याच्या कडेवरून घसरते. स्लाइड मागे-पुढे होते, बाहेर काही पडत नाही, माणूस समजतो रिकामं आहे. अपघात नेमका इथे होतो.

आता मॅगझिन. सातही काडतुसं काढून ते रिकामं हातात घ्या. वरच्या दोन वळलेल्या ओठांवरून नख फिरवा. मागच्या बाजूला, जिथे पत्रा वळतो तिथे, बारीक तडा असेल तर नख अडखळतं. भिंग असेल तर उत्तम. ओठ पुढे-मागे सारख्या अंतरावर आहेत का, एक बाजू फाकली आहे का, हे व्हर्नियरने मोजून लिहून ठेवा. काडतूस अडकतं कसं, यावरून दोष ओळखता येतो. टोक खाली रॅम्पमध्ये रुतत असेल तर मॅगझिनची स्प्रिंग दमलेली असते किंवा फॉलोअर, म्हणजे काडतुसं वर ढकलणारी आतली पट्टी, पुढे झुकलेला असतो. टोक वर उठून चेंबरच्या वरच्या काठाला टेकत असेल तर ओठ फाकलेत आणि काडतूस वेळेआधीच सुटतंय. स्लाइड काडतुसाच्या वरून कोरडीच निघून गेली आणि चेंबर रिकामं राहिलं, तर एकतर स्प्रिंग काडतूस वेळेत वर आणत नाही किंवा मॅगझिनच खाली बसतंय. हे दुसरं कारण फार लोक पाहत नाहीत. या पिस्तुलात मॅगझिनचा खटका मुठीच्या तळाशी असतो. त्याची कड झिजली की मॅगझिन थोडंसं खाली लोंबतं. मॅगझिन घाला, तळाला तळहाताने वर दाबा आणि सोडा. मिलिमीटरभर जरी हालचाल जाणवली तरी खटका संशयित धरा.

तुमचं मॅगझिन अनेक वर्षं भरलेलंच ठेवलं होतं का, ते घरात विचारून पाहा. नुसतं भरलेलं राहिल्याने चांगली स्प्रिंग लगेच मरत नाही. पण जुनी स्प्रिंग, आत गंज आणि वर घट्ट झालेलं तेल असं तिन्ही एकत्र आलं की ती हमखास मंदावते. तळाची पट्टी सरकवून स्प्रिंग बाहेर काढता येत असेल तर काढा. कोणतं टोक पुढे होतं याचा मोबाइलवर फोटो घ्या, उलटी बसवली तर काडतुसाचं टोक खाली झुकतं. आतली भिंत कोरड्या फडक्याने पुसा. मॅगझिनच्या आत तेल घालायचं नाही. तेल काडतुसाच्या टोपीत, म्हणजे बुडाशी पेट घेणाऱ्या भागात, शिरतं, धूळ धरतं आणि फॉलोअर चिकटवतं. इतकं झाल्यावर सातऐवजी सहाच काडतुसं भरून रेंजवर पाहा. सहाला सुरळीत चाललं आणि साताला अडकलं, तर दोष स्प्रिंगमध्ये आहे आणि रॅम्प निर्दोष आहे.

.३२ ऑटोचा आणखी एक दोष या काडतुसाच्या घडणीतच आहे. याच्या बुडाची कड अंगापेक्षा किंचित बाहेर असते: अंग साधारण ८.५ मिमी, कड ९.१ मिमी. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या मागे गेली, तर पुढे सरकताना ती खालच्या कडेला अडते. स्लाइड ढकलत राहते, काडतूस हलत नाही, सगळं घट्ट बसतं. यालाच रिमलॉक म्हणतात. भरतानाच काळजी घेतली तर तो टाळता येतो. प्रत्येक काडतूस घालताना त्याची कड खालच्या काडतुसाच्या कडेच्या पुढे आहे ना, हे मॅगझिनच्या बाजूच्या भोकांतून पाहा. भरून झाल्यावर मॅगझिनची पाठ तळहातावर जोरात आपटू नका, त्याने काडतुसं मागे-पुढे सरकून नेमका हाच घोळ होतो. आखूड गोळीची, टोकाला खळगा असलेली परदेशी काडतुसं या मॅगझिनला जास्त त्रास देतात, कारण त्यांना पुढे-मागे सरकायला जागा उरते. गोल टोकाची, पूर्ण धातूचं आवरण असलेली गोळी हीच या पिस्तुलाची मूळ खुराक. रिमलॉक झालाच तर स्लाइडशी झटापट नको. स्लाइड मागे धरून मॅगझिन काढा, वरचं काडतूस अंगठ्याने दाबत मोकळं करा.

काडतुसांबद्दल एक घोटाळा दुकानातच होतो. आपल्याकडे '.३२' म्हटलं की दोन वेगळी काडतुसं डोळ्यांपुढे येतात. कानपूरच्या .३२ रिव्हॉल्वरला .३२ स्मिथ अँड वेसन लाँग लागतं, पिस्तुलाला .३२ ऑटो. खोक्यावर ७.६५ मिमी किंवा ऑटो असं लिहिलेलं पाहूनच घ्या. पिस्तुलाचं काडतूस रिव्हॉल्वरच्या चेंबरमध्ये बसतंय म्हणून वापरणं तर पूर्ण चुकीचं, त्याचा दाब जास्त असतो. खडकीच्या कारखान्याची नवी काडतुसं मिळत असतील तर चाचणीसाठी एकाच खोक्यातली वापरा. दोन-तीन प्रकार मिसळले की दोष कुठला हे कधीच कळणार नाही. कपाटात वडिलांच्या वेळची हिरवट पडलेली काडतुसं सापडली तर ती 'संपवून टाकू' म्हणून उडवू नका आणि कचऱ्यातही टाकू नका. परवानाधारक विक्रेत्यामार्फत किंवा पोलीस ठाण्यात द्या. फार जुन्या काडतुसांच्या टोपीत गंज आणणारे क्षार असतात. कधी वापरली गेलीच असतील, तर त्या क्षारांवर तेल काम करत नाही. नळी आधी गरम पाण्याने धुवायची, पूर्ण वाळवायची, मग तेल.

नळीभोवतीची स्प्रिंग तपासायला पिस्तूल उघडावं लागेल. १९१० मॉडेलमध्ये नळीच्या तोंडाशी एक खरबरीत काठाचं टोपण असतं. ते आत दाबून फिरवलं की सुटतं आणि मागून स्प्रिंग जोरात बाहेर येते. चष्मा लावा आणि हे काम पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून करा. ते टोपण एकदा पलंगाखाली किंवा खिडकीबाहेर गेलं की संपलं. मग स्लाइड थोडी मागे नेऊन सेफ्टीचा खटका तिच्या खाचेत अडकवायचा, नळी तोंडाकडून फिरवून फ्रेममधून मोकळी करायची, खटका सोडून स्लाइड पुढे उतरवायची. स्लाइड उतरली की मागून फायरिंग पिन आणि तिची स्प्रिंग सुटी होते, तीही सांभाळा. मागच्या मुठीतली पट्टीची स्प्रिंग, सीअर (ताणलेली पिन धरून ठेवणारा खटका) आणि ट्रिगरची जोडणी मात्र उघडू नका. ते घरी करायचं काम नाही.

स्प्रिंग दमली आहे का, याची साधी परीक्षा अशी. साफ करून, जोडून, रिकाम्या पिस्तुलाची नळी वर करा, स्लाइड पाच-सहा मिलिमीटर मागे घेऊन हळूच सोडा. ती स्वतःहून पूर्ण मिटली पाहिजे. रेंजवर पुंगळी कुठे पडते तेही पाहा. दीड-दोन मीटरवर पडत असेल तर ठीक. फार लांब, जोराने उडत असेल आणि स्लाइड मागे आपटल्याचा कोरडा आवाज येत असेल, तर स्प्रिंग कमजोर आहे आणि फ्रेमवर मार बसतोय. तुमच्या फिटरने सुचवलेली कडक स्प्रिंग उलटा त्रास देते: स्लाइड पूर्ण मागे जात नाही, पुंगळी बाहेर पडण्याआधीच स्लाइडच्या खिडकीत चिमटते आणि पुढचं काडतूस उचललं जात नाही. मुंबईत नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात हव्या त्या जाडीची स्प्रिंग मिळते, म्हणून तिथली कुठलीही आणून कापून बसवू नका. या जागेची स्प्रिंग तारेचा व्यास, वेटोळ्यांची संख्या आणि मोकळी लांबी तिन्ही जुळवून, योग्य पोलादाच्या तारेची गुंडाळून घ्यावी लागते. ते काम परवानाधारक गनस्मिथचं.

स्लाइड हातात आहेच तर एक्स्ट्रॅक्टर पाहून घ्या. एक रिकामी पुंगळी घ्या, जिवंत काडतूस अजिबात नको. तिची कड नखीखाली सरकवा आणि स्लाइड हलकेच हलवा. पुंगळी तशीच राहिली तर पकड ठीक. लगेच पडली तर नखी बोथट आहे, तिच्यामागची स्प्रिंग गेली आहे, किंवा नुसता मळ साचलाय. बहुधा मळच असतो. काळा, मेणासारखा थर लाकडी टूथपिकने कोरून काढा, सुई वापरू नका. चेंबरसाठी .३२ चा कांस्याचा ब्रश, पितळी दांडी आणि सॉल्व्हंट. नळी सुटी झालेली असल्याने मागच्या बाजूने ब्रश घालता येतो. पाच-सहा फेऱ्या, मग पांढऱ्या फडक्याचे तुकडे स्वच्छ निघेपर्यंत. टॉर्च लावून चेंबरच्या भिंतीत गंजाचे खड्डे दिसले तर पुंगळी फुगून त्यांत चिकटते, आणि तेव्हा पहिली सुटून दुसरी अडकते हे लक्षणही जुळतं. ते खड्डे घासून काढायचा प्रयत्न करू नका, चेंबर मोठं होतं. गनस्मिथला दाखवा.

आता नुसती 'टक्'. असं झालं की नळी लक्ष्याकडेच धरून किमान तीस सेकंद थांबायचं, काही वेळा टोपी उशिरा पेट घेते. मग काडतूस काढून टोपीवरचा ठसा पाहा. ठसा खोल आणि मधोमध असेल तर काडतूस खराब. उथळ असेल तर फायरिंग पिनच्या वाटेत घट्ट झालेलं तेल आहे, किंवा पिनची स्प्रिंग थकली आहे, किंवा टोक झिजलंय. मुंबईत पहिलं कारण सर्वात जास्त आढळतं, कारण लोक त्या वाटेत वरून तेल सोडतात. ती वाट सॉल्व्हंटने धुवून कोरडीच ठेवायची. ठसा उथळ असेल तर स्लाइड पूर्ण मिटते का, हेही आधी सांगितलेल्या स्प्रिंगच्या परीक्षेने पाहा. ठसा मध्यापासून सरकलेला असेल तर गनस्मिथला दाखवा. घरी बसून रिकामा ट्रिगर सारखा ओढत राहू नका. शंभरएक वर्षांचं पोलाद आहे, पिनचं टोक तुटतं. सराव करायचाच असेल तर डमी राउंड, म्हणजे दारू नसलेलं खोटं काडतूस, वापरा.

गंजाचं कारण तुमच्या घरातच आहे: चामड्याचं होल्स्टर. चामडं कमावताना वापरलेले क्षार आणि जूनची हवा एकत्र आली की दोन-तीन दिवसांत ब्लूइंगवर, म्हणजे पोलादाच्या निळसर-काळ्या थरावर, ठिपके येतात. होल्स्टर फक्त नेण्या-आणण्यापुरतं. घरी पिस्तूल पातळ तेलाचा हात फिरवून, सुती फडक्यात, लोखंडी पेटीत, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. प्रिन्सेस स्ट्रीटला रंग बदलणारं सिलिका जेल मिळतं, रंग बदलला की कढईत मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतं. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी उघडून पुसा. बोटांचे ठसेही गंजतात, म्हणून शेवटचा हात फडक्याने. खोबरेल तेल नको, ते घट्ट होतं. डब्ल्यूडी-४० पाणी हुसकावायला चांगलं आहे, पण वंगण म्हणून ते पुरत नाही. पातळ गन ऑइल नसेल तर शिलाई मशीनचं तेल चालेल, स्लाइडच्या रुळांवर दोन्ही बाजूंना एकेक थेंब.

आलेले ठिपके तेल आणि अगदी बारीक, शून्य-शून्य-शून्य-शून्य नंबरच्या स्टील वूलने हळूहळू निघतात. मात्र क्रमांक, कंपनीचं नाव आणि प्रूफचे, म्हणजे कारखान्यातल्या दाबचाचणीचे, ठसे यांच्यावर ते चालवू नका. पॉलिश करताना क्रमांक पुसट झाला तर तो शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ८ चा प्रश्न होतो, आणि 'गंज काढत होतो' हे पटवून देणं सोपं नसतं. नवं ब्लूइंग करून घेतानाही हीच अट आधी सांगा.

कायद्याचंच निघालंय तर दुरुस्तीचंही लिहितो. तेल-पाणी, साफसफाई तुम्ही करू शकता. पण शस्त्र दुरुस्त करण्याचा धंदा करायलाही त्याच अधिनियमाच्या कलम ५ खाली परवाना लागतो. ओळखीचा फिटर कितीही हुशार असला तरी त्याच्याकडे पिस्तूल सोडलंत, तर अडचणीत तुम्ही दोघेही याल. परवानाधारक दुकानातल्या गनस्मिथकडेच द्या, आणि पावतीवर बोअर, मेक, क्रमांक, मॅगझिनची संख्या आणि काय काम करायचं ते लिहून घ्या. स्वतः जा. मुलाला किंवा भावाला पाठवायचंच असेल तर दुरुस्तीसाठी नेत असल्याचं तुमच्या सहीचं लेखी अधिकारपत्र आणि परवाना सोबत हवा. गनस्मिथला 'चालू करून द्या' असं मोघम सांगू नका. तुमच्या नोंदी द्या: सहा काडतुसांना चालतं का, टोक वर अडतं की खाली, टोपीवरचा ठसा कसा आहे, पुंगळी किती लांब पडते. या चार गोष्टी कळल्या की चांगला कारागीर नेमक्या जागी हात घालतो, आणि जुने काढलेले भाग परत मागून घ्या.

चाचणी रेंजवरच, तिथल्या अधिकाऱ्याला पिस्तूल अडकतं हे आधी सांगून. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशन आहे. तिथे किंवा गनस्मिथच्या व्यवस्थेने काय शक्य आहे ते आधी विचारून घ्या. गच्चीवर, शेतावर, लग्नात एखादी 'बघू चालतं का' म्हणून सोडणं हा गुन्हा आहे. पहिल्यांदा मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरा. ठीक वाटलं तर दोन, मग तीन. आवाज नेहमीपेक्षा दबका आला आणि धक्का जाणवला नाही, तर तिथेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते, पुढची सोडली तर नळी फुटते. मॅगझिन आणि चेंबर रिकामं करून नळीतून दांडी आरपार जाते का पाहिल्याशिवाय पुढे नाही. आणि एकदा ट्रिगर ओढल्यावर दोन गोळ्या सुटल्या, तर त्या क्षणापासून ते पिस्तूल वापरातून बाद. सीअर झिजला आहे. ते गनस्मिथकडून दुरुस्त होईपर्यंत त्यात काडतूस घालायचं नाही.

सगळं नीट झाल्यावरही हे पिस्तूल चेंबर रिकामं ठेवूनच बाळगा. आजच्या बहुतेक पिस्तुलांत पडल्यावर फायरिंग पिन अडवणारा खटका असतो, १९१० मॉडेलमध्ये तो नाही. सेफ्टी लावलेली असली तरी ताणलेली पिन फक्त झिजलेल्या सीअरवर थांबलेली असते.

शेवटची बाब निवडणुकांची. आचारसंहितेत शस्त्र जमा करायची नोटीस आली की पिस्तूल काही आठवडे पोलीस ठाण्यात राहतं. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा एकाच वर्षात झाल्या, मुंबईत मे आणि नोव्हेंबरमध्ये मतदान होतं. जमा करताना होल्स्टर घरीच ठेवा. पिस्तुलाला नेहमीपेक्षा जाड तेलाचा थर द्या, तेलकट फडक्यात गुंडाळून सिलिका जेलसह झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात घाला, मॅगझिन वेगळं ठेवा आणि पावतीवर दोन्हींची नोंद करून घ्या. परत मिळाल्यावर काडतुसं घालण्यापूर्वी नळी आणि चेंबर कोरड्या फडक्याने पुसा. तेलाचा थर तसाच राहिला तर पुंगळीची चेंबरच्या भिंतीवरची पकड कमी होते आणि स्लाइडवर नेहमीपेक्षा जास्त मार बसतो.